तुमचा रेझ्युमे आधी कोण वाचतं?

अमेरिकेतला एक खटला गेली दोन-तीन वर्षं गाजतो आहे. चाळिशी ओलांडलेल्या एका माणसाने शंभराहून जास्त नोकऱ्यांसाठी अर्ज केले आणि एकाही ठिकाणी त्याची डाळ शिजली नाही. त्या कंपन्या अर्ज घेण्यासाठी 'वर्कडे' या एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत होत्या. म्हणून त्याने २०२३ साली थेट वर्कडेलाच कोर्टात खेचलं: तुमचं सॉफ्टवेअर वय, वंश, अपंगत्व बघून माणसं गाळतं, असा त्याचा आरोप. मे २०२५ मध्ये कोर्टाने वयाच्या मुद्द्यावर इतर अर्जदारांनाही या दाव्यात येण्याची वाट मोकळी केली. वर्कडेचं म्हणणं, माणसं निवडतात ती कंपन्या, आम्ही नाही.

निकाल काहीही लागो, प्रश्न आपल्या दाराशी आलेला आहे. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या मोठ्या कंपन्यांकडे जाणारे अर्जही अशाच सॉफ्टवेअरमधून जातात. त्याला 'एटीएस' म्हणतात. त्यातून 'मशीनच रेझ्युमे फेकून देतं' ही भीती पसरली आणि त्या भीतीवर 'एटीएस-प्रूफ' टेम्प्लेट विकणाऱ्यांचा धंदा उभा राहिला. सर्वांत जास्त घाबरतात ती लहान गावांतून, मराठी माध्यमातून शिकून आलेली मुलं. काम येत असतं, पण ते कागदावर मांडायला कुणी शिकवलेलं नसतं. त्यांच्यासाठी हे सगळं पहिल्यापासून सांगतो.

फाइल पाठवल्यावर पुढे काय होतं?

मोठ्या कंपनीच्या साइटवर अर्ज केला की तो एटीएसमध्ये जातो. एटीएस म्हणजे आलेले अर्ज साठवणारं, त्यातली माहिती वेगळी काढणारं आणि कोणता अर्ज कुठवर आला हे दाखवणारं सॉफ्टवेअर. सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी आठवा. तिथला माणूस औषध देत नाही. तो नाव, वय, गाव आणि तक्रार कागदावर उतरवतो आणि तुम्हाला पुढे पाठवतो. पण पोटदुखीच्या जागी त्याने पाठदुखी लिहिली, तर तुम्ही भलत्याच डॉक्टरपुढे जाऊन बसता. एटीएसचं असंच आहे. रेझ्युमेतून ते नाव, फोन, शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, कौशल्यं असे रकाने भरतं, आणि रकाने चुकले की पुढचं सगळं चुकतं.

याशिवाय अर्जात थेट प्रश्न असतात. नोटीस पिरियड किती, पुण्यात राहायला याल का, अमुक वर्षांचा अनुभव आहे का, सीटीसी किती. सीटीसी म्हणजे तुमच्यावर कंपनीचा वर्षाकाठी होणारा एकूण खर्च, त्यात पीएफचा कंपनीचा हिस्साही येतो. बरेच जण तिथे हातात पडणारा महिन्याचा पगार टाकतात. रकाना वार्षिक लाखांचा असतो, त्यामुळे आकडा हास्यास्पद दिसतो आणि अर्ज मागे पडतो. रेझ्युमेवर दिवसचे दिवस घालवणारी मुलं हे प्रश्न मात्र अर्ध्या मिनिटात उरकतात. हे उलटं व्हायला हवं, कारण आपोआप नकार येतो तो बहुतेक वेळा या उत्तरांवरूनच.

नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर आणखी एक गोष्ट घडते. तिथे तुम्ही अर्ज केला नसला तरी कंपन्यांची माणसं त्यांच्या साठ्यात शोध घेत असतात. ती 'मेहनती' किंवा 'प्रामाणिक' असं टाइप करत नाहीत. ती 'टॅली प्राइम', 'जीएसटीआर-३बी', 'व्हीएमसी सेटर', 'फॅनुक' अशी सॉफ्टवेअरची, कराच्या विवरणपत्रांची, यंत्रांची नेमकी नावं टाइप करतात. जे शब्द तुमच्या प्रोफाइलमध्ये नाहीत, त्या शोधात तुम्ही नाही.

मग मशीन नापास करतं हे खरं की खोटं?

'पंचाहत्तर टक्के रेझ्युमे माणसाच्या डोळ्यांपुढे येतच नाहीत' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. इंटरनेटवर ते वर्षानुवर्षं फिरतं आहे, पण त्याच्यामागे भरवशाचा अभ्यास कुणी दाखवत नाही. बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर अर्जांची यादी लावतं, आणि भरती करणारी व्यक्ती त्यातले वरचे बघते. खालचे राहून जातात. नापास करणं आणि तळाला पडून राहणं यात अर्जदाराला फरक जाणवत नाही, हेही तितकंच खरं.

यंत्र निःपक्षपाती असतं असंही समजू नका. अ‍ॅमेझॉनने २०१४च्या सुमारास रेझ्युमेंना गुण देणारी एक प्रणाली बनवायला घेतली होती. ती शिकली आधीच्या दहा वर्षांतल्या रेझ्युमेंवरून, आणि त्यात भरणा पुरुषांचा होता. त्यामुळे 'महिला' असा उल्लेख असलेल्या रेझ्युमेला, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ क्लबची कर्णधार, ती कमी गुण द्यायला लागली. कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला. २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी दिली. अशा पक्षपातावर कायद्याने लगाम घालणं हे सरकारांचं काम आहे. न्यूयॉर्क शहरात २०२३पासून भरतीच्या अशा साधनांची तपासणी सक्तीची आहे. अर्जदाराच्या हातात आहे ते एवढंच, की आपली माहिती योग्य रकान्यात पडेल हे बघणं.

पैसे न देता करायची तपासणी

आपला रेझ्युमे पीडीएफमध्ये उघडा. सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. जे दिसतं, साधारण तेच सॉफ्टवेअरच्या हाती लागतं.

काहीच पेस्ट झालं नाही, तर तुमचा रेझ्युमे म्हणजे एक फोटो आहे. छापील कागद मोबाइलने स्कॅन करून पाठवणाऱ्यांचं असं होतं. दोन स्तंभांचं रंगीत टेम्प्लेट असेल तर डावीकडची कौशल्यं आणि उजवीकडची नोकरी एकमेकांत मिसळून 'एक्सेल सोलापूर २०२२ मराठी हिंदी' असा काला झालेला दिसेल. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकला असेल तर तो गायब झालेला असू शकतो. 'एक्सेल' या शब्दापुढच्या पाचपैकी चार चांदण्या तर कुठेच नसतील, आणि असत्या तरी त्यांचा अर्थ काय? पिव्होट टेबल येतं का, व्हीलूकअप येतं का, ते शब्दांत लिहा.

मराठीतून रेझ्युमे पाठवणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यायला हवी. शिक्षणसंस्था, पतसंस्था, वृत्तपत्रं, सामाजिक संस्था यांच्याकडे असे अर्ज जातात. कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. नोटपॅडमध्ये ती उघडी पडतात. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेत असाल तर 'युनिकोडमध्ये द्या' असं स्पष्ट सांगा.

एका स्तंभात, साध्या फॉण्टमध्ये, 'शिक्षण', 'अनुभव', 'कौशल्यं' असे सरळ मथळे देऊन केलेला रेझ्युमे या तपासणीत सहसा पास होतो. त्याला कुणाचं पेड टेम्प्लेट लागत नाही.

आता माणूस वाचतो

लॅडर्स या अमेरिकी कंपनीने भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग काढून २०१८ मध्ये सांगितलं की पहिल्या नजरेत एका रेझ्युमेला सरासरी ७.४ सेकंद मिळतात. हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे लावायची गरज नाही. शेकडो अर्ज समोर असलेला माणूस पहिल्या पानाचा वरचा भाग बघून पुढे वाचायचं की नाही ते ठरवतो, एवढं त्यातून घ्या. म्हणजे तिथे 'एका नामांकित संस्थेत काम करून स्वतःचा व संस्थेचा विकास साधणे' हे उद्दिष्ट छापणं म्हणजे सर्वांत मोक्याची जागा वाया घालवणं. त्या जागी तुम्ही कोण, कशातलं काम, किती वर्षं आणि जाहिरातीत मागितलेल्या गोष्टींपैकी कोणत्या तुमच्याकडे आहेत, हे दोन-तीन ओळींत यायला हवं.

जाहिरात हा प्रश्न आहे आणि रेझ्युमे हे त्याचं उत्तर. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. 'सगळीकडे चालणारा' एकच रेझ्युमे शंभर ठिकाणी पाठवण्यापेक्षा दहा ठिकाणी दहा वेळा वरचा भाग आणि ओळींचा क्रम बदलून पाठवलेला मला कधीही जास्त मोलाचा वाटतो.

एक उदाहरण जरा बारकाईने बघू. समजा, सोलापूरची एक मुलगी बी.कॉम. झाली, दोन वर्षं एका सीएच्या ऑफिसात काम केलं आणि आता पुण्यातल्या कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी अर्ज करते आहे. रेझ्युमेत तिने लिहिलं आहे: 'जीएसटीचे काम पाहिले. टॅलीवर काम केले. मेहनती, टीमसोबत काम करण्याची आवड.' यात खोटं काही नाही, पण हेच तिच्याबरोबरच्या प्रत्येकाने लिहिलेलं असतं.

तिला शेजारी बसवून मराठीत विचारलं तर वेगळंच निघतं. किती पार्ट्या बघायचीस? तीसेक. कसला धंदा त्यांचा? बहुतेक चादरी-टॉवेलवाले, काही किराणा होलसेल. दर महिन्याला काय करायचीस? अकरा तारखेच्या आत जीएसटीआर-१, वीसच्या आत ३बी. सर बघायचे का? शेवटी एकदा नजर टाकायचे, भरायचे मी. आणि जुळलं नाही तर? मग टू-बी काढायचं, खरेदीच्या रजिस्टरशी लावून बघायचं, कुठल्या सप्लायरने बिल चढवलेलं नाही ते शोधायचं आणि त्याला फोन करायचा. नाही तर पार्टीचं क्रेडिट अडकतं ना!

(जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र, ३बी हे कर भरण्याचं, आणि टू-बी म्हणजे सप्लायरांनी चढवलेल्या बिलांवरून तयार होणारी यादी. बिल त्यात नसेल तर खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, मिळत नाही.) ते 'नाही तर क्रेडिट अडकतं ना' म्हणजे तिची खरी किंमत. काम यांत्रिकपणे न करता त्यामागचं कारण तिला कळलेलं आहे. आता ओळ अशी होते: 'सुमारे ३० पार्ट्यांचे (मुख्यतः वस्त्रोद्योग) मासिक जीएसटीआर-१ आणि ३बी दोन वर्षं मुदतीत तयार केले, २बी आणि खरेदी रजिस्टर जुळवून राहिलेल्या बिलांचा सप्लायरकडे पाठपुरावा केला.' मुलाखतीत तिला यावर कुणीही काहीही विचारलं तरी ती अडखळणार नाही, कारण हे तिचं स्वतःचं आहे.

म्हणून एक आग्रहाचं सांगणं. रेझ्युमे इंग्रजीत पाठवायचा असला तरी आधी मराठीत बोला. मित्राला सांगा, फोनवर रेकॉर्ड करा, आईला समजावून सांगा की दिवसभर ऑफिसात नेमकं काय करता. मग त्यातलं इंग्रजीत उतरवा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की आठवतात ती दुसऱ्याच्या रेझ्युमेतली वाक्यं.

आकडे नसलेली कामंही असतात. रिसेप्शनिस्ट, बालवाडी शिक्षिका, स्टोअरकीपर. तिथे तुमच्या भरवशावर काय सोपवलं होतं ते लिहा: रोख रकमेचा हिशेब, स्टोअरच्या किल्ल्या, नव्या माणसांना शिकवणं. चाकणच्या कारखान्यात 'व्हीएमसी ऑपरेटर' (व्हीएमसी म्हणजे धातू कापणारं संगणकचलित यंत्र) एवढंच लिहिणारा मुलगा ऑफसेट घेत असेल, टूल बदलत असेल, पहिला पीस काढून क्वालिटीकडून पास करून घेत असेल, तर तो सेटिंगचंही काम करतो. ते लिहिलं नाही तर ते केलंच नाही असं धरलं जातं.

अनुभवच नसेल तर?

फ्रेशरचा अडथळा खरा आहे, तरी बहुतेकांकडे त्यांना वाटतं त्यापेक्षा जास्त सामग्री असते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४पासून अनेकांनी सरकारी कार्यालयांत आणि खाजगी आस्थापनांत काम केलं. शिक्षणानुसार दरमहा सहा, आठ किंवा दहा हजार विद्यावेतन मिळालं. रेझ्युमेत त्याची 'प्रशिक्षण घेतले' एवढीच नोंद दिसते. तहसील कार्यालयात रोजचे अर्ज संगणकावर चढवले असतील, अभिलेख स्कॅन केले असतील, लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या असतील, तर तो अनुभव आहे. घरच्या दुकानाचा उधारीचा हिशेब सांभाळणं हाही अनुभव आहे, फक्त तो हिशेब नेमका कसा ठेवायचात ते सांगा. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये चार जण होते तर तुमचा वाटा कोणता हे लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो.

एक पान पुरे. अनुभव बराच असेल तर दोन.

फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती

खाजगी नोकरीच्या रेझ्युमेत वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, उंची यांची गरज नाही. 'वरील माहिती सत्य आहे' ही खालची घोषणा आणि सही काढली तरी बिघडत नाही. सरकारी भरतीत मात्र ठरलेला अर्ज असतो, तिथे मागितलेलं सगळं मागितलं तसंच भरायचं. आधार आणि पॅनचे क्रमांक रेझ्युमेवर कधीही छापू नका. ती फाइल कुणाकुणाच्या हातात जाईल हे तुम्हाला ठाऊक नसतं.

देश बदलला की रीत बदलते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये फोटो, वय लिहीत नाहीत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून इथले अनेक नर्स, इलेक्ट्रिशियन तिकडचे अर्ज तयार करत आहेत. जर्मनीत तारीखवार तक्त्यासारखा रेझ्युमे चालतो, आणि सक्ती नसली तरी फोटो लावण्याची रीत अजून टिकून आहे.

कव्हर लेटर कुणी वाचतं का?

काही जण वाचत नाहीत, हे मान्य. मोठ्या भरतीत ते उघडलंही जात नसेल. पण मध्यम आणि लहान कंपन्यांत, शाळांत, संस्थांत, जिथे मालक किंवा विभागप्रमुख स्वतः अर्ज बघतात, तिथे चार ओळींनी फरक पडतो. शिवाय आपल्याकडे बरेच अर्ज ईमेलने जातात, आणि त्या ईमेलचा मजकूर हेच तुमचं कव्हर लेटर. विषयाची जागा कोरी, आत 'प्लीज फाइंड अटॅच्ड' आणि खाली फाइल, असं पाठवणं म्हणजे दार उघडं असून आत न शिरणं.

पत्रात रेझ्युमे पुन्हा सांगायचा नसतो. रेझ्युमेत न मावणाऱ्या गोष्टींसाठी पत्र असतं: हीच जागा का, इथे माझा उपयोग काय, आणि रेझ्युमे वाचून जी शंका येईल तिचं उत्तर. सोलापूरच्या त्या मुलीचं पत्र असं असू शकेल:

'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या जागेसाठी अर्ज करत आहे. आपल्या जाहिरातीत जीएसटी रिकन्सिलिएशनचा अनुभव मागितला आहे. गेली दोन वर्षं मी सुमारे ३० पार्ट्यांचं हे काम दर महिन्याला स्वतंत्रपणे करते. सीए ऑफिसात काम केल्यामुळे अनेक प्रकारच्या धंद्यांची बिलं हाताळली आहेत. आता एकाच कंपनीचे हिशेब पूर्ण खोलात शिकायचे आहेत. पुण्यात राहण्याची सोय झालेली आहे आणि एक महिन्याच्या नोटीसनंतर रुजू होऊ शकते.'

एवढं पुरेसं आहे. 'पुण्यात राहण्याची सोय' ही ओळ किरकोळ वाटते, पण बाहेरगावचा पत्ता बघून 'ही येईल का, टिकेल का' असं वाचणाऱ्याच्या मनात आलेलंच असतं.

मधली वर्षं रिकामी आहेत, त्यांचं काय?

महाराष्ट्रात हा प्रश्न हजारो घरांत आहे. पदवीनंतर तीन-चार वर्षं एमपीएससीच्या अभ्यासिकेत गेली, पद मिळालं नाही, आता खाजगी नोकरी शोधायची आहे. अनेक मुलं ती वर्षं लपवायला जातात, तारखा पुढेमागे करतात. कृपा करून असं करू नका. रेझ्युमेत सरळ लिहा: '२०२१ ते २०२४, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी.' पूर्व पास होऊन मुख्यपर्यंत पोहोचला असाल तर तेही लिहा. मग पत्रात दोन वाक्यं: ही तयारी आता थांबवली आहे, या क्षेत्रात पूर्णवेळ यायचं आहे आणि त्यासाठी अमुक कोर्स पूर्ण केला आहे. नोकरी देणाऱ्याला अभ्यासाची वर्षं खटकत नाहीत. पुढची जाहिरात निघाली की हा सोडून जाईल, याची त्याला धास्ती असते, आणि तुमच्या पत्राने उत्तर द्यायचं ते त्या धास्तीला.

बाळंतपण, घरातलं आजारपण यामुळे थांबलेल्या बाईनेही तसंच करावं. कारण एका वाक्यात, आणि परत कामाला लागण्यासाठी काय केलं ते पुढच्या वाक्यात. यात माफी मागण्यासारखं काही नाही.

एआयकडून लिहून घेतलं तर?

इंग्रजी दुरुस्त करायला जरूर वापरा. इंग्रजीची भीती असलेल्यांना ही मोठीच सोय झाली आहे. पण आधी स्वतःचा मजकूर त्याला द्या. कोऱ्या पाटीवर 'कव्हर लेटर लिही' म्हटलं तर ते जे देतं तेच इतर सगळ्यांनाही देतं, आणि वाचणाऱ्याच्या नजरेला ते आता सरावलेलं आहे. रेझ्युमेत पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवण्याची युक्ती तर मुळीच करू नका. मजकूर वेगळा काढला की ती अक्षरं उघडी पडतात.

थोडं वाढवून लिहिलं तर चालतं ना?

नाही. ऑफरनंतर अनेक कंपन्या पार्श्वभूमीची तपासणी करून घेतात. पदवीची पडताळणी विद्यापीठाकडून होते, गुणपत्रकं डिजिलॉकरवर असतात, आणि पीएफच्या यूएएन क्रमांकावर कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत कुठे होता ते दिसतं. आठ महिन्यांची नोकरी दोन वर्षांची केली तर हातात आलेली ऑफर तिथे जाते, आणि कधी कधी जुन्या नोकरीचा राजीनामा तोवर दिलेला असतो.

पण शेवटी ओळखीशिवाय काही होत नाही

यात तथ्य आहे. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेला अर्ज आधी बघतात, आणि तो माणूस रुजू झाला तर सुचवणाऱ्याला बक्षीसही मिळतं. गावाकडून आलेल्या मुलाकडे अशा ओळखी कमी असतात, ही विषमता खरीच आहे. तरी कॉलेजचे दोन वर्षं पुढचे विद्यार्थी, वसतिगृहातले सोबती, आधीच्या ऑफिसातले सहकारी यांच्याकडे शब्द टाकायला संकोचू नका.

मात्र 'दादा, काही असलं तर बघा' असा मेसेज करू नका. तो वाचून समोरच्याला काहीच करता येत नाही. जाहिरातीची लिंक, जागेचा जॉब आयडी, स्वतःच्या नावाने सेव्ह केलेली पीडीएफ आणि त्याला जशीच्या तशी पुढे पाठवता येतील अशी दोन वाक्यं एकत्र पाठवा. आतून त्याला विचारणा होणार, 'मुलाला नेमकं काय येतं?' तेव्हा तीच दोन वाक्यं तो पुढे करेल.